कुरळी आणि आमची दोन वर्षं

रियाधला निघालो त्या दुपारी आईने नाशिकच्या घरातल्या टीव्हीवर जुनी चादर घातली आणि कोपऱ्यांना गाठी मारल्या. "दोनच वर्षं ना? तुम्ही आलात की उघडू." मीही छातीठोकपणे "दोनच" म्हणालो. त्याला अठरा वर्षं झाली. गणितात मी पहिल्यापासून कच्चा.

आमची सई तेव्हा पाचाची. इथल्या शाळेत घातली आणि सहा महिन्यांत मराठी प्रश्नाला इंग्रजीत उत्तर देऊ लागली. मी ओलायातल्या ऑफिसात दिवसभर 'नोटेड' आणि 'किंडली' लिहिणारा माणूस; पोरीच्या इंग्रजीपुढे माझी बोबडी वळायची. मग आम्हाला एक अमेरिकन मालिका सापडली. त्यातली धाकटी मुलगी सईच्याच वयाची, डोक्यावर कुरळ्या केसांचं टोपलं. तिचं नाव आम्ही कुरळी ठेवलं. शुक्रवारी जेवणं झाली की बापलेक टीव्हीपुढे. सई हसली की मीही हसायचो, जरा उशिरा.

"बाबा, तुम्हाला जोक कळलाच नाही."

"कळला गं. लांबून आला, वेळ लागला."

पुढे मालिका बंद पडली. कुरळी मोठी झाली, पहिल्यासारखी गोड दिसेना. एका हॉस्पिटलच्या मालिकेत दुसऱ्याच भागात मेली. सई खो खो हसली. मी उठून पाणी प्यायलो. त्याच वर्षी सई शिकायला अमेरिकेला गेली.

तिथून "जेवलीस का?"ला उत्तर येत नसे. कुरळीच्या बातमीला मात्र हसरा चेहरा यायचा. म्हणून मी त्या पोरीची कारकीर्द तिच्या आईबापांपेक्षा बारकाईने पाहू लागलो. गादीची जाहिरात मिळाली, तर पेढे वाटायचाच बाकी होतो. स्मिता, माझी बायको, म्हणायची, "एवढं लक्ष ऑफिसात घातलं असतंत तर मॅनेजर झाला असतात."

आणखी एक काम माझ्याकडे होतं. सईचा इकामा, म्हणजे इथला राहण्याचा परवाना, माझ्या इकाम्याला जोडलेला. ती बाहेर असताना तिची परत यायची मुदत मी दर वर्षी मोबाइलवर वाढवायचो.

गेल्या महिन्यात कुरळीने अभिनय सोडला. आता घरं विकणार म्हणे. मी घाईने सईला कळवलं. दोन दिवसांनी उत्तर आलं: "हू?"

मग तिचाच फोन आला. "बाबा, या वर्षी मुदत वाढवू नका."

"असू दे गं, काय बिघडतं?"

"मी येणार नाहीये. खलास, बाबा."

"बरं. मग घरी कधी येशील?"

"कुठल्या?" तिने खरंच विचारलं होतं.

मंगळवारी मुदत संपली. सईच्या नावापुढे सरकारी शेरा उमटला: बाहेर गेली, परत आली नाही. माझ्या नावापुढे असा शेरा मारायला आईकडे काही नव्हतं. तिने फक्त चादर धुवून पुन्हा पुन्हा घातली, शेवटच्या आजारापर्यंत.

तुम्ही नाशिकचे लोक म्हणता, घरी या. आम्ही इकडचे एकमेकांना विचारतो, घरी कधी? दोघांच्याही बोलण्यात घर आलं की मला तो झाकलेला टीव्ही दिसतो. परवा चुलतभावाने फोन केला, "दादा, भंगारवाला आलाय. देऊन टाकू?"

म्हटलं, "राहू दे. आलो की उघडू."