नाना आणि अनोळखी माणसांची पानं

मी निघाले त्या दिवशी नानांची, म्हणजे माझ्या वडिलांची, फर्स्ट शिफ्ट होती. रजा मागितली असती तर मिळाली असती. त्यांनी मागितली नाही. दीपनगरच्या आमच्या क्वार्टरसमोर भाड्याची गाडी उभी होती, शेजारच्या बायका दारात आल्या होत्या, आणि आई ज्वारीच्या पापडांचा, बिबड्यांचा डबा बॅगेत कुठे बसतोय ते पुन्हा पुन्हा पाहत होती. गाडी हायवेला लागली तर वीज केंद्राच्या गेटबाहेर नाना उभे. डोक्यावर हेल्मेट तसंच. ड्रायव्हरने गाडी बाजूला घेतली. नाना खिडकीशी वाकले.

"पासपोर्ट?"

"आहे."

"मग झालं," म्हणाले, आणि वळून आत गेले.

आई भुसावळ स्टेशनपर्यंत आली. ती शिरपूरकडची. कॉलनीत सगळ्यांशी शुद्ध बोलायची, पण जीव वरखाली झाला की तिची अहिराणी बाहेर यायची. ट्रेन हलली तेव्हा खिडकीचा गज धरून चालत चालत म्हणाली, "पोचनी का फोन करजो. जेवनी का नही तेबी सांगजो." चाळीसगाव येईपर्यंत मी रडत होते. हे मुद्दाम सांगते, कारण तेव्हा मला रडता यायचं.

कॉलनीतल्या ज्या ज्या मुलामुलींनी पुढे माझ्यासारख्या बॅगा भरल्या, आणि जे तिकडेच भुसावळ-जळगावात राहिले, त्या सगळ्यांसाठी हे लिहितेय. आपल्यातल्या कुणाचंच ते घर स्वतःचं नव्हतं, हे लहानपणी कधी लक्षातच आलं नाही. नाना रिटायर झाले, क्वार्टर सोडलं, जळगावला फ्लॅट घेतला. मी तोवर नेदरलँड्समध्ये मास्ट्रिख्तला सॉफ्टवेअर टेस्टिंगची नोकरी करत होते. सामान हलवतानाचे फोटो आईने व्हॉट्सॅपवर पाठवले. मी अंगठ्याचं चिन्ह पाठवलं.

जळगावच्या फ्लॅटमध्ये आईला फार दिवस मिळाले नाहीत. एका दुपारी छातीत दुखलं आणि संपलंच. मी पोचले तेव्हा सगळं उरकलं होतं. माणसं येत होती, बसत होती, मी पाण्याचे ग्लास देत होते. मावशी मला धरून रडली. मी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले आणि भिंतीवरच्या पंख्याच्या बटणांकडे बघत राहिले. वाटलं, रडू नंतर येईल. परत आले, कामाला लागले, ते आलं नाही. दुःख होतं असंही म्हणता येत नाही. भाजी चिरत होते, बस पकडत होते, मीटिंगमध्ये हसायच्या जागी हसत होते. ऑफिसातली मार्लीस म्हणाली, "तू किती छान सावरलीस." मी थँक्यू म्हटलं.

नाना दर रविवारी फोन करायचे.

"ठीक?"

"ठीक. तुम्ही?"

"ठीक. बाई येते स्वयंपाकाला. थंडी आहे का तिकडे?"

थंडी असली की आहे म्हणायचं, नसली की नाही. पूर्वी फोन आईकडेच असायचा, नाना मागून काहीतरी विचारायचे. आता मधलं माणूस गेलं होतं आणि आम्ही दोघं एकमेकांचा श्वास ऐकत बसायचो.

आमच्या इथलं पाणी जड आहे, किटलीत पांढरे थर बसतात. एका शनिवारी ते कसे काढायचे ते शोधत होते. जाहिरातींनी भरलेल्या पानांच्या खाली एक साधंसं पान निघालं. डेन्मार्कमधल्या एका म्हाताऱ्याचं, पूर्वी फेरीबोटीवर इंजिनियर होता. व्हिनेगर किती, पाणी किती, किती वेळ उकळायचं, सगळं नीट लिहिलं होतं. शेवटी लिहिलं होतं, 'बायको होती तेव्हा आमची किटली कधी पांढरी झाली नाही. ती काय करायची ते मी विचारलं नव्हतं.' त्याखाली मासे, पडलेलं कुंपण, कानाचं मशीन, असल्या विषयांवर कित्येक वर्षांचं लिखाण. आणि बाजूला नावांची रांग: मी यांना वाचतो.

मी पहिल्या नावावर बोट ठेवलं. तिथे दुसरी रांग. तिथून तिसरी.

अशी पानं अजून असतात हे मला माहीतच नव्हतं. मला वाटायचं, इंटरनेट म्हणजे पाच-सहा मोठी दुकानं. पण मागच्या गल्ल्यांत माणसं राहत होती. वेल्समधली एक बाई फक्त आपल्या कोंबड्या आणि त्या दिवसाचं आभाळ यावर लिहायची. चिलीतली एक नर्स ड्यूटी संपल्यावर दुर्बिणीतून काय दिसलं ते लिहायची. केरळातला एक माणूस घरामागच्या तळ्यातले किडे ओळखत बसला होता. ब्राझीलची एक मुलगी अकॉर्डियन शिकत होती आणि रोज कुठे चुकलं तेवढंच सांगायची. ओसाकातला एक रिटायर्ड पोस्टमन शहरातल्या बाकांवर बसून प्रत्येक बाकाबद्दल चार ओळी लिहायचा. काही पानांची पार्श्वभूमी डोळ्यांना बोचेल इतकी पिवळी. कुठे लाईक नाही, कुणाला काही विकायचं नाही. कोंबड्यांची बाई 'उद्या कुंपण बघते' म्हणाली होती, त्यानंतर पान पुढे सरकलंच नव्हतं.

मला त्याने आनंद झाला असं सांगितलं तर खोटं होईल. मी नुसती वाचत होते. जेवणाच्या सुट्टीत, कपडे वाळत घालून झाल्यावर. कुणी विचारलं नसताना ही माणसं सांगत होती, आणि ऐकायला मला कुठला चेहरा करावा लागत नव्हता.

मग एका रविवारी 'थंडी आहे का' झाल्यावर बोलण्यासारखं काहीच उरलं नाही, तेव्हा तोंडातून निघून गेलं, "नाना, जपानमध्ये एक माणूस आहे. तो बाकांवर बसतो."

"बसतो म्हणजे?"

"वेगवेगळ्या बाकांवर जाऊन बसतो आणि लिहितो. सावली कधी येते, पाठ दुखते का, समोर काय दिसतं."

"रिटायर झालेला?"

"हो, पोस्टातून."

"बायको?"

"माहीत नाही. त्याने लिहिलं नाही."

नाना म्हणाले, "नसणार."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"मी बी जातो," नाना म्हणाले. "मेहरूण तलावावर. संध्याकाळी घरात बसवत नाही. तिथलं कडेचं बाक हलतं. खाली वीट लावली मी."

आई गेल्यापासून ते रोज तिथे जातात हे मला तोवर कुणी सांगितलं नव्हतं, आणि मी विचारलं नव्हतं.

त्यानंतर रविवारचा फोन बदलला. मी आठवडाभरात वाचलेलं त्यांना मराठीत सांगायची. नानांनी आयुष्यभर बॉयलरचे आकडे बघितले. त्यांना नेमकं लागतं. नर्सची दुर्बीण किती इंची, किड्याला पाय किती. अकॉर्डियनच्या मुलीचं पुढे काय झालं हे ते एखाद्या चौकस आत्यासारखं विचारायचे. किटलीवाल्याची ती शेवटची ओळ मी वाचली तेव्हा मात्र "ठेवतो" म्हणून त्यांनी फोन ठेवून दिला. पुढच्या रविवारी मी काही सांगायच्या आधीच ते म्हणाले, "तुझी आई माझ्याशी अहिराणी कधी बोलली नाही. मी पहूरचा, आमची बोली वेगळी, मला हसू यायचं ना तिच्या बोलण्याचं. लग्न झाल्यावर एकदाच हसलो. मग बोललीच नाही." आणि बराच वेळ ते बोलत राहिले. माझा चहा गार झाला. एवढा वेळ नानांचा आवाज मी कधीच ऐकला नव्हता. मला रडू यायला हवं होतं. मी ऐकत होते, आणि तेवढंच.

त्याच आठवड्यात मी माझं एक पान सुरू केलं, मराठीत. दीपनगरबद्दल, आमच्या क्वार्टरच्या नंबरासकट, लिहिलं: भोंग्यावर लावलेली घड्याळं, कॉलनीतला गणपती, क्वार्टरमागे आईने लावलेला कढीपत्ता. कुणी वाचेल असं वाटलं नव्हतं. मस्कतहून कुणी लिहिलं, पुण्याहून कुणी लिहिलं. आणि एक निरोप दीपनगरहूनच आला. 'ताई, तुमच्या त्या क्वार्टरमध्ये आता आम्ही राहतो. कढीपत्ता आहे. फोटो पाठवू का? वंदना.'

फोटो आला. झाड छपराच्या वर गेलं होतं. मी तो नानांना पाठवला. त्यांचं उत्तर आलं, 'छाटायला हवं.'

या डिसेंबरात मी गेले तेव्हा आम्ही दोघं जळगावहून बसने दीपनगरला गेलो. वंदनाताई दारातच उभ्या होत्या, त्यांचे मिस्टर नुकतेच शिफ्टवरून आले होते. हॉलमध्ये, जिथे आमचा टीव्ही असायचा तिथे, बुद्धाची तसबीर होती, समोर ताजी फुलं. स्वयंपाकघराला नवा रंग होता. मी ओट्याशी उभी राहिले. काहीतरी होईल म्हणून वाट पाहिली. वंदनाताई म्हणाल्या, "बसा ना. परकं समजू नका." मी बसले.

नाना मागच्या दारी गेले होते. कात्री मागून घेतली आणि शिडी लावून फांद्या छाटू लागले. वंदनाताईंचे मिस्टर खालून शिडी धरून होते. "नाना, जास्त कापू नका, आमची भाजी याच्यावर चालते," ते म्हणाले. नाना वरून म्हणाले, "फुटेल. दुप्पट फुटेल." छाटलेला पाला वंदनाताईंनी शेजारीपाजारी वाटला. उरलेली जुडी माझ्या हातात दिली. बसमध्ये तो वास सगळीकडे पसरला आणि नाना खिडकीकडे तोंड करून बसले. त्यांचे खांदे हलत होते. मी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला, जळगाव येईस्तोवर तो काढला नाही.

नेदरलँड्सला परत निघताना मी त्यांच्या फोनवर त्यांचंही एक पान उघडून दिलं. ते म्हणाले, "मला काय येतं लिहायला?" महिनाभर तिथे काही नव्हतं. मग परवा ऑफिसला जाताना बसमध्ये मला त्यांचा पहिला मजकूर दिसला. स्वयंपाकाची बाई रजेवर होती म्हणून त्यांनी स्वतः भरीत करायला घेतलं. वांगं गॅसवर ठेवून पेपर वाचत बसले. धुराने शेजारचे पाटील बादली घेऊन धावत आले, आणि त्या बादलीत नानांचा पाय गेला. हे सगळं त्यांनी शिफ्टच्या रिपोर्टसारखं लिहिलं होतं. शेवटी: 'वांगे वाया गेले नाही. पाटील जेवून गेले.'

मी हसले. आवाज करून हसले, समोरच्या डच बाईने वर बघितलं इतकं. मग खाली नाव न घालता लिहिलं, 'मी वाचते आहे. अजून लिहा.'

संध्याकाळी फोन आला. रविवार नव्हता.

"अगं, माझं कुणीतरी वाचलं. एक बाई आहे. अजून लिहा म्हणतेय."

"नाना, ती मीच आहे."

"हो का?" ते म्हणाले. "मग फोनवर सांगायचं ना."

"फोनवर सांगितलं असतं तर तुम्ही ठेवतो म्हणाला असता."

ते हसले. मग म्हणाले, "उद्या पाटलांचं लिहितो. त्यांनी बादली नेली नाही अजून."

दीपनगरचं घर आता वंदनाताईंचं आहे, जळगावचा फ्लॅट नानांचा, आणि माझी खोली इथल्या घरमालकाची. रडू अजून आलेलं नाही. मी त्याची वाट बघणं सोडलंय. तुमच्यापैकी कुणी विचारलं, घर कुठे, तर मला एवढंच सांगता येईल, की सकाळी बसमध्ये बसले की आधी मी नानांनी काही लिहिलंय का ते बघते.