धड्यातला राजदीप

आमची नातसून उर्वशी काय काम करते असं कुणी विचारलं की मी आधी हसून घेतो. मग सांगतो, ती लोकांच्या वाक्यातले खडे निवडते. बाया मांडीवर सूप घेऊन बसतात, ही कॉम्प्युटर घेऊन बसते.

त्याचं असं आहे. कृषी केंद्र चालवणाऱ्यांना, म्हणजे बियाणं अन् फवारणीचं औषध विकणाऱ्यांना, आता घरबसल्या मोबाइलवर शिक्षण घेता येतं. नागपूरची एक संस्था त्याचे धडे करते. शास्त्रज्ञ लोक मजकूर लिहून पाठवतात आणि उर्वशी तो माणसाला कळेल असा करते. पोरगी मारेगावकडची, शेतीची पदविका झालेली. लग्न होऊन बाभुळगाव तालुक्यातल्या आमच्या गावात आली ती हे काम सोबत घेऊनच. नातू संघदीप सकाळी यवतमाळला नोकरीवर जातो, मग घरात ती आणि मी. मी गावच्या शाळेत सातवी पास. पण तिच्या कामाचा मला असा नाद लागला की माझा तंबाखू कमी झाला.

संस्थेचे लिहिण्याचे नियम होते आणि मला ते फार आवडायचे. एका वस्तूला सगळ्या धड्यांत एकच नाव. ‘औषध’ शब्द बंद, कीटकनाशक म्हणायचं, कारण औषध म्हटलं की माणूस भीत नाही. धोक्याची सूचना कृतीच्या आधी. एका विद्वानानं लिहिलं होतं, झाकण उघडा, औषध ओता, हातमोजे घाला. उर्वशी म्हणाली, आबाजी, यानं बोटं भिजल्यावर मोजे दिले. आम्ही दोघं पोट धरून हसलो. वाक्य मोठ्यानं वाचून पाहायचं, जीभ अडखळली की मोडायचं. आणि उदाहरणातला माणूस पहिल्या धड्यापासून शेवटच्या धड्यापर्यंत एकच ठेवायचा, म्हणजे शिकणाऱ्याला तो घरचा वाटतो. त्याचं नाव या भागातलं असावं, पण आपल्या ओळखीतल्या कुणाचं नसावं.

तो माणूस निवडायची वेळ आली तेव्हा मी गावात नव्हतो. मोतीबिंदूचं ऑपरेशन करून यवतमाळला लेकीकडे, नंदाबाईकडे, पडून होतो. उर्वशीनं आपली अक्कल चालवली. नळावर, किराणा दुकानात, समाजमंदिराच्या ओट्यावर कान देऊन ऐकलं. भीमराज आहे, संघदीप तर घरातच आहे. राजदीप मात्र कुणी कुणाला हाक मारताना ऐकू येत नाही. नाव तर इकडचंच. तिनं धड्यात राजदीप घातला.

नाव ऐकू न येण्याचं कारण आमच्या भिंतीपलीकडे राहत होतं. रुखमाबाईचा एकुलता एक पोरगा राजदीप. लोकांच्या पऱ्हाटीत, म्हणजे कपाशीत, रोजानं फवारायला जायचा. ज्या वर्षी आपल्या जिल्ह्यात फवारणीनं माणसांमागून माणसं दवाखान्यात गेली, त्या वर्षी तोही गेला. परत आला नाही. पुढं कुणी त्याचं नाव घेतलं की रुखमाबाई जागच्या जागी कोसळायची, दातखीळ बसायची. म्हणून गावानं ते नावच उचलून ठेवलं. ठराव वगैरे काही नाही, आपोआप. आमच्याच गल्लीतल्या प्रियंकाच्या लहान पोराचं नावही राजदीप होतं, त्याला सगळे पिंटू म्हणू लागले, शाळेतले मास्तरसुद्धा. नव्या सुनेला हे सांगायचं तर नाव घ्यावं लागलं असतं. संघदीपनं तिला एवढंच सांगितलेलं, शेजारच्या मावशीचा मुलगा वारला.

तर उर्वशी रोज दुपारी भिंतीला पाठ टेकून मोठ्यानं वाचायची. राजदीप लेबल वाचतो. राजदीप टाकी पाठीवर घेतो. राजदीप वाऱ्याकडे पाठ करून उभा राहतो. मधली भिंत मातीची. पलीकडं कुणी सुस्कारा टाकला तरी इकडं कळतो.

एक दिवस रुखमाबाई नळावर तिच्याजवळ आली आणि हळूच विचारलं, “कोठवर आला व तो?”

उर्वशीला वाटलं, म्हातारीला धडे आवडून राहिले. ती आनंदानं म्हणाली, धुऱ्याच्या बांधापर्यंत आलाय मावशी, अर्धं वावर बाकी आहे. रुखमाबाईनं मान हलवली आणि गेली. मग रोजचंच झालं. ही सांगायची आणि ती तेवढं घेऊन घरी जायची, जसं कुणी विस्तव मागून नेतं.

थोड्या दिवसांनी उर्वशीच्या ध्यानात एक गोष्ट आली. ती वाचताना मधे थांबली की भिंतीपलीकडं खटक, खटक असा आवाज चालू व्हायचा. फवारणीच्या पंपाचा दांडा वरखाली केल्यासारखा. ती वाचू लागली की थांबायचा. तिला वाटलं, मावशी काही कुटत असतील. नाकात एक उग्र वास बसायचा. तिला वाटलं, कुणाच्या वावरातून येत असेल.

मग नागपूरहून एक धडा तपासून यायला वेळ लागला. राजदीप भर उन्हात, भरली टाकी पाठीवर घेऊन, वावराच्या मधोमध तसाच राहिला. तिसऱ्या प्रहरी रुखमाबाई दारात येऊन उभी राहिली. तोंड उतरलेलं. म्हणाली, “त्याची टाकी उतरव न माय. खांदे सोलून राह्यले त्याचे.”

मावशी, तो धड्यातला आहे, असं उर्वशी म्हणाली. आणि रुखमाबाई शांतपणे म्हणाली, “हाव. मले माहीत हाय.”

त्याच आठवड्यात मी काळा चष्मा लावून घरी आलो. दुपारी बाजेवर आडवा झालो होतो. उर्वशी वाचू लागली आणि मी नाव ऐकलं. ताडकन उठून बसलो, तशी ती वाचायची थांबली. आधी कान लावला तो पलीकडं रुखमाबाई पडल्याचा आवाज येतो का म्हणून. ती पडली नाही. खटक, खटक, खटक. आता मला माहीत होतं की त्या घरात पंप नाही. राजदीपच्या मागे तिच्या दिरानं, भीमराजनं, तो उचलून नेला होता.

इथं मला लखीरामची गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. तरुणपणी मी झरी जामणीकडं जंगलात लाकूडतोडीच्या कामावर होतो. लखीराम आमचा मुकादम. दिवस बुडाला की तो कोणत्याच गड्याला नावानं हाक मारायचा नाही, ओंडक्यावर कुऱ्हाडीचा दांडा ठोकायचा. मी कारण विचारलं तर म्हणाला, नाव घेतलं की कोणीतरी ओ देतेच बाप्पा, आपलाच गडी ओ देईन याचा भरोसा काय? तेव्हा मी त्याची टर उडवली. आमच्या बापानं दीक्षा घेतली त्या दिवसापासून घरात भूतबित बंद. मी आजही मानत नाही. जे पाहिलं तेवढं सांगतो.

मी काठी टेकत पलीकडं गेलो. रुखमाबाई भिंतीला पाठ लावून बसली होती, हात मांडीवर मोकळे. खटक बंद झालं होतं. अंगणात ओल, आणि तो वास. ती म्हणाली, “जयभीम भाऊजी. बसा, तो येतेच आता.”

मी बसलो नाही. घरी येऊन उर्वशीला सगळं सांगितलं. ती ऐकता ऐकता पांढरी पडली, कारण तिच्यापुढं शेवटचा धडा उघडा होता. विषबाधा आणि प्रथमोपचार. नियमाप्रमाणे माणूस तोच. संस्थेच्या सुरभी मॅडमनी तसं बजावलंही होतं की इतके धडे सोबत चाललेला माणूस पडला पाहिजे, तरच विकणाऱ्याच्या काळजाला लागेल. बाईचं चुकलं नव्हतं.

उर्वशीनं फोन लावून खरी गोष्ट सांगितली. मॅडम म्हणाल्या, मग सगळीकडचं नाव बदलून टाक. ते सोपं होतं. एक कळ दाबली की सगळ्या धड्यांतून राजदीप एकदम जाणार. तिनं बोट नेलं आणि मागं घेतलं. म्हणाली, आबाजी, आधी मावशीला विचारते.

मी सोबत गेलो. तिनं माफी मागितली, नाव काढते म्हणाली. रुखमाबाईनं तिचा हात धरला.

“गावानं एकडाव नेला त्याले. तोंडातून काढून टाकला. आता तूबी नेतं का?”

“पण शेवटच्या धड्यात त्याला पडावं लागतंय, मावशी. आणि जो कुणी तो धडा उघडेल, त्याच्यासमोर तो पुन्हा पडेल.”

रुखमाबाई बराच वेळ भिंतीकडं पाहत राहिली, जणू तिकडं कुणाला विचारत होती. मग म्हणाली, “मंग दुसऱ्याचं नाव टाकशील. थे बी कोनाचं पोट्टंच असन न.”

उर्वशी उठली. घरी येऊन लिहायला बसली. लिहून झाल्यावर मॅडमना फोनवर वाचून दाखवलं ते मीही ऐकलं. आपल्या दुकानासमोर एक माणूस येऊन बसतो. त्याला घाम सुटला आहे, नीट दिसत नाही. तो आपल्या ओळखीचा नाही. त्याला त्याचं नाव विचारा. उत्तर येत नसेल तर लगेच गाडी बोलवा, आणि गाडी येईपर्यंत त्याला एकटं सोडू नका.

मॅडमनी ते पुन्हा एकदा वाचायला लावलं. मग म्हणाल्या, चालेल. आईची हरकत नसेल तर राजदीपचं नावही राहू दे. पण त्याला मधेच सोडता येणार नाही, आपल्या नियमात बसत नाही. त्याचा शेवट कर.

दिवे लावायच्या वेळी उर्वशी भिंतीपाशी बसली. पलीकडं खटक, खटक चालू होतं, आता जरा संथ, दमलेल्या माणसाचं असावं तसं. ती वाचू लागली तरी या वेळी ते थांबलं नाही. तिची जीभ कुठं अडखळली नाही.

“राजदीप टाकी उतरवतो.”

खटक बंद झालं.

“टाकी धुतो. अंगावरचे कपडे वेगळे ठेवतो. साबणानं हात, तोंड, पाय धुतो. राजदीप घरी येतो.”

पलीकडं काहीच नाही. मग कडी वाजली. दार उघडलं आणि लागलं. उर्वशीनं माझ्याकडं पाहिलं.

रुखमाबाईचा आवाज आला, लटक्या रागाचा. किती उशीर केला म्हणे. मग ती थांबली. मग म्हणाली, हाव, हाव, पहिले जेव. पुन्हा थांबली. पुन्हा काहीतरी म्हणाली आणि हसली. दुसरा आवाज आम्हाला ऐकू आला नाही. पण ती थांबायची ते बरोबर माणूस जेवता जेवता उत्तर देईल तेवढंच.

मी उठू लागलो तर उर्वशीनं माझा सदरा धरला. जाऊ नका आबाजी, जेवू द्या, म्हणाली आणि तिनं कॉम्प्युटर मिटला. दुसऱ्या दिवशी नळावर रुखमाबाई भेटली, बोलली, पाणी भरलं. तो कोठवर आला हे तिनं पुन्हा कधी विचारलं नाही.