चुन्याचे नंबर

अर्ज इंग्रजीत गेल्याशिवाय झाडालासुद्धा पालवी फुटत नाही, अशी ठाम समजूत असलेले उभ्या रत्नागिरीत एकच गृहस्थ होते, आणि ते नेमके माझ्या आतेचे यजमान होते. आम्ही त्यांना आतोबा म्हणायचो. जंगलखात्यात तीस वर्षं कारकुनी करून ते पेन्शनीत निघाले, तेव्हा येताना शब्दांची एक जाडजूड वही घेऊन आले. साहेबलोकांच्या टिपणांतून वेचलेले शब्द! इरोजन, कॅचमेंट, अंडरग्रोथ, डीफॉरेस्टेशन. आणि हे शब्द ते नुसते वहीत ठेवत नसत, घरात वापरत. पावसानं परसातली माती वाहून गेली, की आतोबा ओसरीवरून ओरडायचे, "अगो, इरोजन झालं, इरोजन!" आते आतून म्हणायची, "झालं ना? मग उठा, दोन दगड लावा." दगड शेवटी आतेच लावायची. शेजाऱ्यानं एकदा फणसाची एक फांदी तोडली, तर यांनी त्याला कुंपणावरून पाऊण तास डीफॉरेस्टेशनचे दुष्परिणाम ऐकवले. बिचारा दुसऱ्या दिवशी ती फांदी परत करायला आला होता.

मी तेव्हा हायस्कुलात इंग्रजी शिकवायचो, त्यामुळे माझ्यावर त्यांचा विशेष लोभ. भरबाजारात भाजीची पिशवी खाली ठेवून ते मला अडवायचे. "मास्तर, झाडी असली तर फॉरेस्ट कव्हर म्हणतात. मग आपल्या या उघड्या कातळाला काय म्हणायचं?" मला येत नसलं की मी काहीतरी ठोकून द्यायचो. कबूल करतो, नेहमीच ठोकून द्यायचो. ते मात्र तिथल्या तिथे वहीत टिपून घेत आणि पुढे कंसात माझं नाव घालत. आज आठवलं की कानकोंडं व्हायला होतं.

संगमेश्वराकडे त्यांच्या मूळ गावी देवाची राई होती. ऐन, किंजळ, सातवीण, बेहडा. भरदुपारी आत शिरलं तरी क्षणभर काही दिसायचं नाही. राईच्या तळाशी एक झरा होता आणि अख्खा गाव त्याच्यावर पाणी पीत होता. कोळशाचा कोणी ठेकेदार तिकडे घिरट्या घालतोय, असं आतोबांच्या कानावर आलं आणि ते पेटून उठले. सरकारात अर्ज करायचा, राई राखीव करून घ्यायची! अर्जाला झाडांची यादी हवी, म्हणून चुन्याची बादली आणि कुंचा घेऊन ते गावी गेले आणि दोन दिवसांत प्रत्येक मोठ्या झाडावर सुबक नंबर घालून आले. गावकऱ्यांनी विचारलं तर म्हणाले, "सरकारी काम आहे. हुकूम आला की सांगेन." खात्यातली सवय! साहेबाची सही होईपर्यंत तोंड उघडायचं नाही.

अर्जाचा मसुदा माझ्याकडे आला. त्यांनी प्रिझर्व्हेशन लिहिलं होतं. मी म्हटलं, कॉन्झर्व्हेशन हवं. नुसतं जसंच्या तसं ठेवणं वेगळं आणि जपून वापरणं वेगळं, असं मी त्यांना मोठ्या ऐटीत समजावलं. ते घरी जाऊन सबंध अर्ज नव्यानं लिहीत, मी त्यात नवी खोट काढी. असे पंधरा दिवस गेले. मला माझं इंग्रजी मिरवायचं होतं, दुसरं काही नाही.

अर्ज टपालात पडला त्याच संध्याकाळी आम्ही दोघे आतोबांच्या ओसरीवर बसलो असताना गावचा गुरव एस्टीनं आला. "राई गेली," म्हणाला. "मोठी झाडां सगली आडवी."

आतोबा ताडकन उठले. "कुणाच्या हुकमानं?"

"तुमच्याच!" गुरव गोंधळला. "जंगलखात्याचा माणूस सोताच्या हातान नंबर घालून गेला. वर एक, खाली बुंध्याला एक. म्हंजे तोडच ना? ठेकेदार आला, आमाला वाटला तुमीच पाठवलाव."

"अरे, पण देवाला कौल तरी लावायचा!" मी म्हटलं.

"सरकारी नंबर पडल्यावर देवाला काय विचारायचा, मास्तर?"

खात्याची रीत तीच होती. तोडायच्या झाडालाच दोन नंबर घालतात. वरचा ओंडक्याबरोबर जातो, खालचा खुंटावर राहतो, मागाहून पडताळून बघायला. तीस वर्षं आतोबांनी तेच पाहिलं, तेच लिहिलं. राखायच्या झाडांनाही त्यांच्या हातानं मुकाट्यानं दोन-दोन नंबर घातले.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघे गेलो. राईच्या जागी लख्ख ऊन पडलं होतं. खुंटाखुंटावर आतोबांच्या वळणदार अक्षरातले आकडे शाबूत होते. पडताळून बघायला सगळे हजर. आतोबांनी टोपी काढली, देवाच्या दगडापुढे उभे राहिले आणि चक्क मराठीत गाऱ्हाणं घातलं.

"बा देवा म्हाराजा, राई तुझी होती. राखतो म्हणून मी आलो आणि माझ्याच हातानं खुणा करून दिल्या. गावाला एक शब्द बोललो असतो तर गाव थांबला असता. तो बोललो नाही. चूक माझी आहे, गावाची नाही."

गाऱ्हाण्याच्या शेवटी बाकीच्यांनी "व्हय म्हाराजा" म्हणायचं असतं. गुरव तोंड फिरवून उभा राहिला. तो रडत होता. आतोबा वळून माझ्याकडे बघत राहिले. शेवटी मी म्हटलं, "व्हय म्हाराजा."

त्यानंतर ती वही मी त्यांच्या हातात कधी पाहिली नाही. पावसात परसातली माती वाहून जायची, आते ओसरीकडे बघत क्षणभर थांबायची आणि मग स्वतःच दगड लावायला जायची. आतोबांना जाऊनही आता बरीच वर्षं झाली. त्यांनी सगळी चूक स्वतःच्या नावावर घेतली आणि मी देवासमोर तिला होकार दिला. त्यातले पंधरा दिवस माझे होते, हे मी त्यांना शेवटपर्यंत सांगितलं नाही.