डॉक्टरांच्या भिंतीवरचा चिनी म्हातारा

पोलिसाच्या नोकरीत चोऱ्या पुष्कळ पाहिल्या. बहुतेक विसरलो. पण एका चोरीची गोष्ट निघाली की आजही माझा गोंधळ होतो.

रिसोडला होतो, निवृत्तीला दोन वर्षं उरली होती. एका सकाळी हजेरी संपत असताना गावातले एक डॉक्टर आणि त्यांच्या पत्नी ठाण्यात आले. नव्या बंगल्यातून भिंतीवरचा एक फोटो चोरीला गेला होता. मी जागा पाहायला गेलो. दाराची कडी शाबूत, कपाटातलं सोनं जिथल्या तिथे. दिवाणखान्याच्या भिंतीवर काळ्या चौकटीतले सहा जुने फोटो, सातव्याच्या जागी नुसता खिळा.

फोटो सगळे चीनमधले, निदान शंभर वर्षांपूर्वीचे. रस्त्यावर दाढी करणारा न्हावी, जोडे शिवणारा माणूस, काठ्यांवर आपल्या शेवयांसारखं काहीतरी वाळत घालणाऱ्या बाया.

"ही मंडळी तुमची कोण?" मी विचारलं.

"कोणीच नाही," बाई म्हणाल्या. "मुलीनं पुण्याहून निवडून पाठवले. घराला शोभा येते."

आमच्याकडे भिंतीवर देव असतात नाहीतर घरातले गेलेले लोक. अनोळखी माणसांचे फोटो कोणी हौसेनं लावतं हे मला नवीन होतं. त्यातला एकच उचलून न्यावासा वाटणारा चोर तर त्याहून नवीन. गेलेल्या फोटोत कोण होतं, हे बाईंनी मोबाईलवर दाखवलं. डोक्याला बांबूची रुंद टोपी घातलेला एक म्हातारा शेतकरी उकिडवा बसून वाडग्यातून जेवत होता. बस्स, एवढंच.

घरात रोज येणारी बाहेरची माणसं दोनच, ड्रायव्हर आणि स्वयंपाकाच्या बाई. ड्रायव्हर घाबरून भरभर बोलत होता, म्हणून माझा संशय त्याच्यावर गेला. स्वयंपाकाच्या बाई पन्नाशी ओलांडलेल्या, पोळ्या लाटतच म्हणाल्या, "मले काय माईत साहेब." मी ते खरं धरलं. शांत माणसावर विश्वास टाकायची चूक मी तीस वर्षांच्या नोकरीनंतरही करत होतो.

तिसऱ्या दिवशी बाजारातला फ्रेमवाला आपणहून ठाण्यात आला. "साहेब, तुमी चिनी फोटो शोधून राह्यले म्हणे. तीन दिवसांआधी एका बाईनं काच बदलून नेली. म्हणे, बापाचा फोटो आहे. मी म्हटलं, बाई, तुह्या बापाची टोपी मोठी न्यारी आहे. ती पैसे देऊन चालली गेली."

त्यानं केलेलं वर्णन स्वयंपाकाच्या बाईंचं होतं. त्यांना ठाण्यात बोलावलं, शेजारी महिला शिपाई बसवली. त्या पदराचं टोक पिळत होत्या. डॉक्टरांच्या अर्जावर नुसती चौकशी चालू आहे, अजून गुन्हा दाखल नाही, हे मी समजावून सांगितलं. तेव्हा त्या बोलल्या.

"मी पाच वर्षांची असताना बाप ठेकेदारासंगं कामाले गेला, तो आलाच नाई. मेला का जिता, कोणाले माईत नाई. त्याचा एकबी फोटो नाई. माय आता ऐंशीची झाली. रोज म्हणे, त्याचं तोंड आठवत नाई आता. मी डॉक्टरांकडं फोटो पुसत असे. बापाचं तोंड मलेबी आठवत नाई, पण त्याचं बसणं आठवते. तो असाच बसे जेवाले."

"आणि आईला काय सांगितलं?"

"सांगितलं, एका जुन्या फोटोवाल्यापाशी बापाचा फोटो सापडला. मायनं लय येळ पाह्यलं आन म्हणली, हाच." मग माझ्याकडे पाहून त्या म्हणाल्या, "मले आत टाका साहेब, पण माह्या मायले सांगू नका."

कबुली मिळाली होती. आता पंचनामा करून मुद्देमाल जप्त करायचा, एवढंच काम उरलं होतं. पंचांना बाहेर थांबवून मी स्वयंपाकाच्या बाईंबरोबर त्यांच्या घरात गेलो. दोन खोल्यांचं स्वच्छ घर. समोरच्या भिंतीवर तो चिनी शेतकरी. हार नव्हता. खाली बाजेवर आई बसलेली, कपाळावर ठसठशीत कुंकू. लेक माझ्यासाठी चहा ठेवायला आत गेली, तशी म्हातारीनं मला जवळ बोलावलं.

"तुमी पोलीस होय ना? फोटोसाठी आले?"

मी मान हलवली.

"हा माहा मालक नाई साहेब. मले डोळ्यांनी दिसते अजून. पोरगी जनमभर बापासाठी झुरली. इतक्या हौसेनं घेऊन आली, मी म्हटलं, हाच. तिले सांगू नका."

एका घरात दोघी, एकमेकींसाठी खोटं बोलणाऱ्या, आणि दोघींचं खरं एकट्या माझ्याजवळ. असं काही झालं तर काय करावं हे मला कोणत्याही प्रशिक्षणात शिकवलेलं नव्हतं. चहा प्यालो. फोटोला हात न लावता बाहेर आलो आणि पंचांना परत पाठवलं. मी बरोबर केलं की चुकलो, तेव्हा कळलं नाही.

संध्याकाळी डॉक्टरांच्या घरी जाऊन लेकीनं सांगितलेलं तेवढं सांगितलं. म्हातारीचं बोलणं माझ्याजवळच ठेवलं. डॉक्टर चिडले, "चोरी ती चोरीच." त्यांचंही खोटं नव्हतं. डॉक्टरांच्या पत्नींनी भिंतीवरच्या रिकाम्या खिळ्याकडे पाहिलं. त्या म्हणाल्या, "आमचा तो कोणीच नाही. तिथंच राहू दे." दुसऱ्या दिवशी अर्ज मागे घेतल्याचं लेखी आलं. लाजेनं घरी बसलेल्या स्वयंपाकाच्या बाईंना डॉक्टरांच्या पत्नी स्वतः जाऊन कामावर घेऊन आल्या.

सहा-सात महिन्यांनी स्वयंपाकाच्या बाई ठाण्याच्या दारात उभ्या दिसल्या. आई गेली होती.

"सुखानं गेली साहेब," त्या म्हणाल्या. "अखेरपर्यंत तिले वाटलं, बाप घरी आला."

खरं काढून घेणं हेच माझं काम, असं मी आयुष्यभर मानत आलो होतो. त्या दिवशी म्हातारीचं बोलणं माझ्या जिभेवर होतं. ते सांगितलं असतं तर आपल्या आईचं मन तिला कळलं असतं, पण हातातलं समाधान गेलं असतं. काय मोठं, हे मला ठरवता आलं नाही. खरं हाती लागलं म्हणजे ते कोणाला द्यायचं हेही कळतं असं नाही, एवढं मात्र त्या प्रकरणानं मला शिकवलं.

"बरं झालं बाई," मी म्हणालो. त्यांनी हात जोडले आणि त्या कामावर निघून गेल्या.