नमुना घेणाऱ्याची सही

डॉ. ज्योत्स्ना बोरस्ते दूध घेताना आधी दूधवाल्याच्या तोंडाकडे बघतात आणि मग पातेल्याकडे. दुधातलं पाणी मोजायचा लॅक्टोमीटर त्यांच्या ओट्यावर चमच्यांच्या स्टँडमध्येच उभा असतो. नाशिकला गंगापूर रोडवर राहायला आल्यापासून त्यांचे पाच दूधवाले झाले. पाचव्याचं दूध खरोखरच चांगलं निघालं, तेव्हा हा असं का करतोय याचीच त्यांना काळजी लागली.

हा स्वभाव घरापुरता असता तर एक वेळ चाललं असतं. पण बाई शहराबाहेरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात सव्वीस वर्षं शिकवताहेत. जनावराचं शरीर चालतं कसं आणि त्याच्या रक्तात कायकाय घडतं, हा त्यांचा विषय. विभागाचं नाव 'शरीरक्रियाशास्त्र व जीवरसायनशास्त्र', आणि विद्यार्थ्यांच्या भाषेत 'चौकशी कक्ष'. प्रात्यक्षिकाच्या वहीत कुणाचं उत्तर पुस्तकातल्या आकड्याशी तंतोतंत जुळलं की बाई शाबासकी देत नाहीत. "कुठून उतरवलंस?" असं विचारतात. दहातल्या सात वेळा ते उतरवलेलंच असतं, त्यामुळे त्यांची ही खोड मोडायचं धाडस कुणी करत नाही.

याला कारणही तसंच घडलं होतं. पदव्युत्तर शिक्षणाच्या वेळी त्यांनी साठ म्हशींचं रक्त गोळा केलं होतं, ऐन मे महिन्यात, लाल डब्यातून गावोगाव हिंडून. त्यांच्याच वर्गातल्या एकाने मात्र सहा म्हशींचं रक्त घेतलं आणि उरलेल्या चोपन्न म्हशी वसतिगृहाच्या खोलीत पंख्याखाली बसून कागदावर जन्माला घातल्या. त्याचे आकडे देखणे आले. सुवर्णपदक त्यालाच मिळालं. बाईंनी टाळ्या वाजवल्या, आणि त्या दिवसापासून देखण्या आकड्यांवरचा त्यांचा विश्वास कायमचा उडाला.

त्यांच्या हाताखाली चौदा वर्षं काम करणारा बारकू लहांगे हा कागदावर साधा परिचर. मूळचा इगतपुरीमागच्या डोंगरातला, महादेव कोळी समाजाचा, वयाने बाईंपेक्षा दोन वर्षांनी मोठाच. बाई त्याला अरेतुरे करत. कॉलेजात तसंच चालतं. गायीच्या मानेतली शीर विद्यार्थ्यांना सापडेनाशी झाली की ते हळूच बारकूला हाक मारत. तो अंगठा टेकवायचा, क्षणभर थांबायचा आणि सुई अलगद आत जायची. फार बोलायचा नाही. बाईंना तेही खटकायचं. जो बोलत नाही तो काहीतरी झाकतो, असा त्यांचा आडाखा होता.

गेल्या तीन पावसाळ्यांपासून बाईंचं एक संशोधन चाललं होतं. गाय घाबरली, त्रासली की तिच्या रक्तात कॉर्टिसोल नावाचं द्रव्य चढतं. डोंगरातली डांगी गाय मुसळधार पावसात चार महिने उभी राहते. ती कॉलेजच्या गोठ्यातल्या संकरित गायीपेक्षा मुळातच शांत असते का, असा प्रश्न होता. संकरित गायींचं रक्त बाई स्वतः काढत. डांगी गायींसाठी दर महिन्याला डोंगरात जायला हवं होतं. पण बाईंचे गुडघे दुखत, पावसाळ्यातच तासिकांची गर्दी असे, म्हणून बारकूच जाई. नियमाप्रमाणे रक्त नोंदणीकृत पशुवैद्यकानेच घ्यायला हवं. म्हणून प्रत्येक तक्त्यावर 'नमुना घेणारा' या रकान्यात बाई सोमवारी सकाळी चहा पिता पिता सही करत. त्या एका सहीबद्दल त्यांना कधी शंका आली नाही.

निष्कर्ष झकास निघाला. डांगी गायींचं कॉर्टिसोल संकरित गायींच्या पाचव्या हिश्श्याइतकंच होतं. बाईंनी निबंध लिहून एका नियतकालिकाकडे पाठवला. दिवाळीनंतर प्राध्यापकपदाची मुलाखत होती, आणि त्या मुलाखतीत दाखवण्यासारखं त्यांच्याकडे हेच एक मोठं काम होतं.

सप्टेंबरात परीक्षकाचं पत्र आलं. त्यात एकच प्रश्न होता. डांगी गायींचे आकडे इतके एकसारखे कसे? चाळीस गायी, तीन वर्षं, आणि सगळ्या आठ ते बाराच्या मध्ये?

बाईंनी पत्र दोनदा वाचलं आणि त्यांच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. चुकचुकली कसली, चांगली ओरडलीच. चाळीस गायी कशाला? एखादी गरीब गाय गाठायची, तिच्याच मानेतून चाळीस नळ्या भरायच्या, वर नंबर टाकायचे आणि उरलेला दिवस आपल्या घरी झोप काढायची! सुवर्णपदकवाला पुन्हा त्यांच्या डोळ्यांसमोर उभा राहिला, या वेळी परिचराच्या खाकी कपड्यांत.

त्यांनी दार लावून घेतलं आणि जुन्या नळ्यांचे बाकीचे अहवाल काढले. एकाच गायीचं रक्त असेल तर हिमोग्लोबिन, प्रथिनं सगळंच सारखं यायला हवं. पण तसं नव्हतं; प्रत्येक गायीचं वेगळं होतं. दुसरं कुणी इथे थांबलं असतं. बाईंनी ठरवलं की बारकू वाटला त्याहून हुशार आहे, चार-पाच गायी आलटून पालटून वापरतोय.

"तू त्यालाच का नाही विचारत?" त्यांचे पती किशोर जेवताना म्हणाले. ते वकील होते.

"विचारलं की सावध होईल. मी रंगेहाथ पकडणार आहे."

"आणि नाही सापडला तर?"

"सापडेल," बाई म्हणाल्या. त्यांना तसा विश्वासच होता. बारकूला निलंबित करावं, असा अर्जही त्यांनी तारखेची जागा मोकळी ठेवून टाइप केला होता.

पुढच्या शुक्रवारी बारकू नेहमीप्रमाणे बर्फाचा डबा घेऊन एसटीने गेला. शनिवारी पहाटे बाई गाडी काढून त्याच्या मागावर निघाल्या. इगतपुरी सोडल्यावर धुकं लागलं. बारकू जिथून नमुने आणायचा त्या वाडीच्या अलीकडे शाळेमागे त्यांनी गाडी लपवली, छत्री उघडली आणि भाताच्या बांधावरून, गुडघ्यांना शिव्या घालत, एका कुडाच्या भिंतीआड जाऊन उभ्या राहिल्या. भिंतीला फट होती. त्यातून गोठा दिसत होता.

बारकू आत होता, पण रक्त काढत नव्हता. तो एका काळ्या-पांढऱ्या गायीशेजारी उकिडवा बसून तिच्या गळ्याखालची लोंबती पोळी खाजवत होता. गाय रवंथ करत होती. पाच मिनिटं झाली, दहा झाली. बाईंनी घड्याळ बघितलं. कामचुकार! आता नक्की नळी भरून दुसऱ्या गायीचा नंबर टाकणार. त्यांनी मोबाइलचा कॅमेरा फटीला लावला.

"कोन हो बाई? चोरून काय बघता?"

बाई दचकल्या. मागे डोक्यावर गवताचा भारा घेतलेली एक म्हातारी उभी होती. गोठ्याची मालकीण कुसाबाई.

"मी... कॉलेजची. बारकूची मॅडम."

"मंग आत या ना. कुडाआड हुबं राहतं व्हय कुनी?" कुसाबाईने भारा खाली टाकला आणि गोठ्याकडे तोंड करून ओरडली, "बारक्या, तुजी मॅडम आली रं, लपूनशान!"

रंगेहाथ पकडायला गेलेल्या बाई स्वतःच पकडल्या गेल्या. बारकूने वर पाहिलं, मान लववली आणि एवढंच म्हणाला, "बसा मॅडम. पर जरा लांब बसा."

मग बाईंनी घोंगडीवर बसून सगळं पाहिलं. बारकूने त्या गायीच्या मानेवर हात फिरवता फिरवताच सुई घातली. गायीचा रवंथही थांबला नाही. कानातला बिल्ला त्याने पुटपुटत वाचला आणि नळीवर लिहिला. मग पुढची गाय, मग तिसरी. प्रत्येक गाय वेगळी, प्रत्येक बिल्ला खरा. बाई प्रत्येक नंबर आपल्या वहीत उतरवत होत्या. चूक सापडत नव्हती, आणि सापडत नाही म्हणून त्या अधिकच चिडत होत्या.

"कालपासनं इथंच हाय तो," कुसाबाई सांगू लागली. "दर खेपंला आदल्या दिशी येतो. गवत कापतो, हातानं चारतो, गोठ्याशीच निजतो. आमच्यात परक्यानं एकदम गुराला हात लावायचा नाय. आधी त्याच्या हातचं गुरानं खाल्लं पायजे. मंग काय बी कर."

"म्हणजे तो दर वेळी असंच करतो?"

"तीन वर्सं झाली. तुमाला ठावं नाय?"

बाईंना ठाऊक नव्हतं. पण नुसत्या सांगण्यावर विश्वास ठेवतील तर त्या बोरस्ते मॅडम कसल्या! उरलेली एक गाय आपण स्वतः करणार, असं त्यांनी जाहीर केलं. पिशवीतून पांढरा कोट काढून अंगात चढवला, सुई घेतली आणि पुढे झाल्या. गायीने आधी कान टवकारले, मग दावं ताणलं, मग खुंटाभोवती गरगर फिरू लागली. बाकीच्या बसलेल्या गायीही उठून उभ्या राहिल्या. पाव तासाच्या झटापटीनंतर नळी कशीबशी भरली. कुसाबाई तोंडाला पदर लावून हसत होती. बारकू हसत नव्हता.

सोमवारी आकडे आले. बारकूच्या सगळ्या नळ्या नऊ, दहा, अकरा. बाईंच्या एकुलत्या एका नळीत बावन्न.

बाई त्या आकड्याकडे बघत राहिल्या. बावन्न हा आकडा त्यांच्या ओळखीचा होता. कॉलेजच्या संकरित गायींचा आकडा हाच, पन्नासच्या आसपास. त्या गायींना सकाळी गोठ्यातून हाकत खोड्यात आणायचं, मान बांधायची, रांगेत उभं करायचं आणि मग पांढरा कोट घालून बाईंनी यायचं. तीन वर्षं हेच चाललं होतं.

आता त्यांना पुढचं दिसू लागलं. तरीही त्यांनी खात्री करायची ठरवली. बारकूला सांगितलं, आजपासून दोन दिवस कॉलेजच्या गोठ्यात बस. कुसाबाईच्या गायींशी वागतोस तसंच इथे वाग, आणि बुधवारी तूच रक्त काढ. त्याने कारण विचारलं नाही. बुधवारी दुपारी संकरित गायींच्या बारा नळ्या यंत्रातून निघाल्या. दहा, नऊ, बारा, अकरा.

म्हणजे डांगी आणि संकरित असा फरक नव्हताच. तीन पावसाळे मोजला गेला तो बारकूचा हात आणि बाईंचा हात. परीक्षकाला ते कळायला मार्गच नव्हता, कारण डांगी काय आणि संकरित काय, प्रत्येक तक्त्यावर 'नमुना घेणारा' म्हणून एकच सही होती, आणि ती बाईंची होती. ज्या पापासाठी त्यांनी त्या सुवर्णपदकवाल्याला सत्तावीस वर्षं मनातल्या मनात फाशी दिली होती, त्याच पापावर त्यांनी दर महिन्याला चहाबरोबर सही केली होती. बाईंना स्वतःची लाज वाटली, अगदी कानापर्यंत.

"परीक्षकाला लिही, डांगी गाय स्वभावानेच एकसारखी असते," घरी किशोर म्हणाले. "आकडे तर खरेच आहेत. कोण बघायला जाणार आहे त्या डोंगरात?"

"मी गेले होते ना," बाई म्हणाल्या.

त्या रविवारी त्यांनी नियतकालिकाला निबंध मागे घेत असल्याचं कळवलं, आणि सह्यांबद्दलचं खरं काय ते लिहून विद्यापीठालाही पत्र पाठवलं. मुलाखत आता कशी होणार हे त्यांना माहीत होतं. चौकशीही लागणार होती. निलंबनाचा तो टाइप केलेला अर्ज त्यांनी फाडला, पण एवढ्याने मन निवलं नाही. बारकूला सांगायलाच हवं होतं.

सोमवारी सकाळी तो नळ्या धूत होता. बाई त्याच्याजवळ जाऊन उभ्या राहिल्या. बोलायची सवय नसल्यासारखे शब्द अडखळू लागले.

"बारकू, मी तुमच्यावर संशय घेतला. तुम्ही एकाच गायीचं रक्त भरता असं मला वाटलं. अर्जसुद्धा लिहून ठेवला होता." चौदा वर्षांत पहिल्यांदाच त्या त्याला तुम्ही म्हणत होत्या, आणि ते त्यांच्या स्वतःच्याही लक्षात आलं नाही. "माझं चुकलं. तुमचं काम चोख होतं."

बारकूने हातातली नळी उपडी करून ठेवली आणि हात कपड्याला पुसले.

"मला ठावं व्हतं मॅडम."

"काय? अर्जाचं?"

"अर्जाचं नाय. संशयाचं." त्याच्या आवाजात राग नव्हता, तेच बाईंना सोसवेना. "तुमी नुसत्या गोठ्याच्या दारात आल्या तरी गुरं उठून हुबी ऱ्हातात. मी तर चौदा वर्सं तुमच्यासमोर हाय."

बारकूने पुढची नळी उचलली आणि नळाखाली धरली.