दाराआडची टाळी

पुतण्याचा फोन आला तेव्हा मी साताऱ्याच्या स्टँडवर वडूजच्या गाडीची वाट बघत होते. "काकू, आई उठंना..." एवढंच बोलला. सगळ्या वाटेनं मी मनातल्या मनात आक्काला शिव्या घालत होते. औषध घेतलं नसणार, दम्याचा पंप कुठंतरी ठेवून विसरली असणार. गेली हे कळलं होतं, पण मला भांडायला कुणीतरी हवं होतं.

आक्का म्हणजे माझी थोरली जाऊ, गावाची अंगणवाडीची बाई. करोनात अंगणवाडीला कुलूप लागलं आणि पोरांचा शिधा घरोघर पोचवायचं काम हिच्याकडं आलं. पिशवी उंबऱ्यावर ठेवायची आणि मागं सरायचं. पोरं काही दिसायची नाहीत. घरोघर फिरणारी बाई, रोग आणणार तर हीच, म्हणून हिला लांबून बघूनच लोक दारं लावून घेत. तेव्हा हिनं टाळी काढली. अंगणवाडीत सकाळी वाजायची तीच, आधी सावकाश, मग घाईघाईची. ही रस्त्यावरून वाजवायची, पोरानं आतून तशीच परत द्यायची. पोर बरं असलं की टाळी खणखणीत, अंगात कसर असली की ढिली. गल्लीत चिटपाखरू नसायचं आणि बंद दारांमागून नुसत्या टाळ्या यायच्या... माझ्या तर अंगावर काटा यायचा.

माळावरच्या वस्तीवर ठकूमामी आणि तिची चार वर्षांची नात रुपी, दोघीच. मुलगा-सून मेंढरं घेऊन कोकणात अडकलेले. एकदा पिशवी धरायला मी आक्काबरोबर गेले. आक्कानं टाळी दिली, आतून लगेच परत आली, चांगली जोरात. मी वळले. आक्का हलेना.

"ही रुपीची टाळी न्हाई."

"आवं आक्का, वाजली की!"

"रुपी शेवटाला एक जास्तीची मारती. लय सांगितलं, सुधरत न्हाई." मग दाराकडं बघून म्हणाली, "ठकूमामी, दार उघडा."

"पोर निजलीया. जावा तुमी."

"मामी, उघडा म्हनते ना."

आतून रडणं ऐकू आलं. "न्हेतील वं तिला! माज्या ल्येकाला काय तोंड दावू?"

"मी बसते तिच्यापाशी. माज्याबिगर कोन न्हेत न्हाई तिला."

कडी निघाली. आत धूर कोंडलेला, घोंगडीत पोर तापानं फणफणलेली, डोळे अर्धे उघडे. "आक्का, हात लावू नका!" मी ओरडले. तोवर तिनं पोर उचलून छातीशी धरलीसुद्धा. तालुक्याला जीपमध्ये पोर तिच्या मांडीवर, दवाखान्यातही तीच उशाशी.

रुपी वाचली. मग आक्का पडली. गोठ्याशेजारच्या खोलीत तिनं स्वतःला कोंडून घेतलं. मी अंगणातून टाळी द्यायची, ती आतून द्यायची. रोज थोडी आणखी ढिली. एकदा तर आलीच नाही, मी पुन्हा दिली, पुन्हा दिली, आणि कितीतरी वेळानं कुणी पीठ झटकावं तसा आवाज आला... उठली त्यातनं, पण पुरती नाहीच. नंतरची सगळी वर्षं ओटा चढायलासुद्धा थांबत थांबत. कुणी सांगितलं होतं हात लावायला? मला राग होता तिचा, अजून आहे.

रुपी मोठी झाली. दिवाळीनंतर आईबापाबरोबर कोकणात जायची, परत आली की आधी आमच्या फाटकाशी टाळी. आक्का घरात जिथं असेल तिथून, मधे दम खात, परत द्यायची.

परवा मेंढरं परतली. मी घरात तांदूळ निवडत होते आणि रस्त्यावरून टाळी आली. शेवटाला एक जास्तीची. आक्का गेल्याचं तिच्या आईबापाला फोनवर कळवलं होतं, पण त्यांनी पोरीला सांगितलं नव्हतं. बाहेर जाऊन तिला काय तोंड दाखवू? पुढं जाऊन दार हळूच लोटलं, कडी घातली, आणि दाराआडून टाळी दिली. अगदी अंगणवाडीतल्या आक्कासारखी, आधी सावकाश, मग घाईघाईची, कुठंही न चुकता.

मग ओट्यावर पावलं वाजली.

"दार उघडा," रुपी म्हणाली. "ही बाईंची टाळी न्हाई."