बर्फातून आलेले हात

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. बी.एस्सी. नर्सिंग केलं, तेही आईनं पनवेलच्या बाजारात मासळी विकून कमावलेल्या पैशांवर. हे मी कधी लपवलं नाही, लपवणारही नाही. नोकरीही पनवेलमध्येच मिळाली, एका हॉस्पिटलात, नसांच्या तपासणीच्या खोलीत. पेशंटला तयार करायचं, तारा लावायला मदत करायची, घाबरला तर धीर द्यायचा.

मग आईच्याच हातून कोयता निसटायला लागला. अंगठ्याखालचं मांस झिजून खोल बसलं होतं. गिऱ्हाइकं चेष्टा करायची, "मावशी, पापलेट कापलंय की चिरडलंय?"

"तुज्या दातांना सोपा जावा म्हनून!" आई म्हणायची.

तपासणीची वेळ मीच ठरवली. हातपाय गरम ठेवून या, असं मी प्रत्येक पेशंटला बजावायचे. आईला सांगायचं मात्र राहून गेलं. सकाळचा माल संपवून, हात नळाखाली धुऊन ती थेट आली.

टेक्निशियन दादांनी तिच्या मनगटाला बारीक शॉक दिले. नसेतून संदेश किती वेगानं जातो ते त्यात कळतं. आकडे मंद आले. "सिस्टर, नसांचाच आजार दिसतोय," दादा हळूच म्हणाले.

मला हायसं वाटलं. नसांच्या आजारावर पुष्कळदा औषध असतं. मी ज्याला भीत होते तो आजार वेगळा. त्यात स्नायूंना हुकूम देणाऱ्या पेशीच मरत जातात, नसांचा वेग बहुतेक ठीकच येतो, आणि माणूस बरा होत नाही.

तार काढायला मी आईचा हात धरला. गारठलेला होता. सकाळभर बर्फात होता तो. हात थंड असले की आकडे खोटेच मंद येतात, हे मी परीक्षेत लिहून मार्क घेतले होते. वाटलं, गप्प बसावं. खरंच वाटलं.

"दादा, थांबा. हात गार आहेत."

मी टबात गरम पाणी आणलं, तिचे हात त्यात बुडवून ठेवले. आई हसली, "आज माजी पूजा हाय का गो बाय? पाय पन धू मंग."

दुसऱ्यांदा आकडे चांगले आले, मला नको होते इतके चांगले.

"पास झाले ना?" आईनं विचारलं.

"एकदम पास, मावशी," दादा म्हणाले. मी टॉवेलनं तिचे हात पुसत राहिले. ते केव्हाच कोरडे झाले होते.

मग डॉक्टरांनी दंडात, मांडीत मशीनला जोडलेली सुई घातली. स्नायू सैल सोडला की मशीननं गप्प बसायला हवं. मशीन तडतडत होतं.

"माज्या हातान मावरा तलतान का गो?" आईनं विचारलं. आवाज मासळी तळल्यासारखाच होता, पण कुणी हसलं नाही.

पुढची दोन वर्षं मी तिला भरवलं, कूस बदलली, घशातली लाळ मशीननं ओढली. वाचा जायच्या आधी एकदा तिनं विचारलं, "त्या दिसाला तू दादाला थांबवलास नसता, तर?"

"तर भलतंच औषध चालू झालं असतं, आये."

"मंग बरा केलास."

बरोबरच केलं होतं मी. पण अजूनही एखाद्या पेशंटचे हात गार लागले की टब घेऊन नळाशी गेल्यावर माझ्याच्यानं नळ लगेच सोडवत नाही.